पत्र हातात पडेपर्यंत एकही फॉर्म भरून घेऊ नका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. 'कोकणातली मुलं बोटीवर का जातात, फिरायची हौस की पगार' हा पीएचडीचा विषय, प्रश्नावली तयार, एथिक्स कमिटीचं (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीचं) पत्र अडकलेलं, आणि गणपतीला मंडळी घरी असतात तेवढ्यात फॉर्म भरून घेऊ का, हा प्रश्न. नका घेऊ. माझा विषय क्रूझच्या हॉटेल विभागात जाणाऱ्या गोवा-सिंधुदुर्गातल्या मुलांचा होता आणि मी नेमकं हेच करून बसले.

संशोधन विभागातले साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही सुरू करा, पत्र निघेल." सावंतवाडीपासून मडगावपर्यंत एसटीने हिंडून 186 फॉर्म गोळा केले. पत्र निघालं पाच महिन्यांनी. फॉर्मवरच्या तारखा त्याआधीच्या, त्यामुळे कमिटीने सगळे बाद केले. कमिटीचं चुकलं नाही. मागाहून मंजुरी देता येत नाही. साहेबांना मात्र आपण असं काही बोललो होतो हेच आठवेना! आणि मी शहाणीने अर्जाची साधी पोचही घेतली नव्हती. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय त्या खिडकीवरून हलू नका. स्मरणपत्र लेखीच द्या, गाइडच्या सहीने. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीला प्रवेशापासून कमाल 6 वर्षं आहेत, पुनर्नोंदणी केली तर आणखी 2. फाईल कुणाच्या टेबलावर झोपली होती म्हणून त्यात कोणी सूट देत नाही. (विद्यापीठागणिक रीत वेगळी असते, तुमचं परिपत्रक बघा.)

न विचारता एक सांगते, राग मानू नका. तुमच्या प्रश्नावलीतली बरीच विधानं, लोक सुट्टीत फिरायला का जातात हे अभ्यासणाऱ्या क्रॉम्प्टनच्या 1979 च्या मांडणीवरून घेतलेली दिसतात. तो सुट्टीवर जाणाऱ्यांशी बोलला होता, तेही अवघ्या 39 जणांशी, मोकळेपणाने. तीच विधानं पोटासाठी जाणाऱ्यासमोर 'अजिबात पटत नाही' ते 'पूर्ण पटतं' अशा पाच खणांत ठेवली की तो 'जग बघायला मिळतं' यावर खूण करून मोकळा होतो. माझे बाद फॉर्म अशाच खुणांनी भरलेले होते. दुसऱ्या खेपेला मी "का गेलात?" विचारणं सोडलं आणि "एजंटचं नाव घरात पहिल्यांदा कोणी काढलं?" असं विचारलं. मग मामा निघाला, बहिणीचं लग्न निघालं, घराचं कर्ज निघालं. एक जण बार्सिलोनाला सहादा जाऊन बंदराबाहेर पडला नव्हता. अर्थात गाइडला आकडेच हवे असतील तर माझं ऐकू नका, त्यांच्याशी वाद घालून पीएचडी होत नाही.

गणपतीला जरूर जा, मोदक खा, ओळखी करा, वही मात्र काढू नका. मंडळी बोटीवर परतली तरी पुढे व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते. फक्त ती पद्धत मंजुरीच्या अर्जात आत्ताच लिहून टाका, नाहीतर त्यासाठी वेगळं पत्र, आणि पुन्हा तेच टेबल.