म्युनिकचे 68 हजार की आइंडहोवनचे 60 हजार?

सांगलीहून एका पालकांचे पत्र: "मुलगी बी.ई. कॉम्प्युटर, वय 27, पुण्यात चार वर्षे नोकरी करते. तिला म्युनिकहून वर्षाला 68,000 युरो आणि नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून 60,000 युरो, अशा दोन ऑफर आल्या आहेत. आठ हजार युरो उगाच का सोडायचे, असे मला वाटते. तिचा ओढा मात्र आइंडहोवनकडे आहे. पुढच्या वर्षी तिचे लग्न आहे. होणारे जावई आयटीतलेच आहेत, ते तिकडे गेल्यावर नोकरी शोधतील. मुलीची समजूत कशी घालावी?"

नमस्कार.

समजूत घालण्याआधी कागद-पेन्सिल घेऊ. तुम्ही तुलना करताय ती कपातीआधीच्या पगाराची, आणि या दोन देशांत कपातीची पद्धतच वेगळी आहे. खालचे सगळे आकडे 2025 च्या दरांनी काढले आहेत. दर जानेवारीला ते थोडे हलतात.

आधी जर्मनीतले म्युनिक. मुलगी अविवाहित, म्हणून करवर्ग 1. पेन्शनसाठी 9.3 टक्के, बेरोजगारी विम्याला 1.3 टक्के, आरोग्य विम्याला साधारण 8.55 टक्के आणि शुश्रूषा विम्याला 2.4 टक्के असे तिच्या वाट्याचे पैसे जातात. (शेवटच्या दोन कपाती 66,150 युरोपर्यंतच्याच पगारावर.) ही बेरीज सुमारे 14,450 युरो. त्यावर आयकर सुमारे 11,900. हातात वर्षाला 41,650, म्हणजे महिना 3,470 युरो. आरोग्य विमा यात आला.

आता आइंडहोवन. 60,000 मध्ये आठ टक्के सुट्टीभत्ता धरलेला आहे असे समजू. साध्या कराने महिन्याला सरासरी 3,640 युरो हातात येतात. तिथे आरोग्य विमा स्वतः घ्यावा लागतो, त्याचे महिना 160 वजा केले की उरले 3,480. म्हणजे कोणतीही खास सवलत न घेता आठ हजारांचा फरक इथेच संपला.

खास सवलत म्हणजे तिथले 30 टक्के रूलिंग. परदेशातून बोलावून घेतलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा 30 टक्क्यांपर्यंतचा भाग पाच वर्षे करमुक्त ठेवता येतो. इंटरनेटवरचे पगार-कॅल्क्युलेटर इथेच फसवतात. ते सरसकट 30 टक्के वजा करून महिना 4,390 दाखवतील. पण सवलत वजा केल्यावर करपात्र पगार किमान 46,660 युरो उरला पाहिजे अशी अट आहे. 60,000 चे 70 टक्के होतात 42,000, म्हणजे अटीच्या खाली. त्यामुळे तुमच्या मुलीला 18,000 नव्हे, 13,340 युरोच करमुक्त मिळतील. हातात सरासरी 4,200, विमा वजा जाता 4,040. तिशीच्या आतल्या आणि मास्टर्स झालेल्या उमेदवारांना ही मर्यादा 35,468 आहे. मुलीने एम.टेक. केले असते तर पूर्ण 30 टक्के मिळाले असते, तेही भारतीय पदवीचे तिथे मूल्यांकन करून घेतल्यावर आणि फक्त तिशी पूर्ण होईपर्यंत. शिवाय 2027 पासून सवलत 27 टक्क्यांवर येते आणि पगाराची अट वाढते. तेव्हा 4,040 हा आकडा पाच वर्षे जसाच्या तसा टिकेल असे धरून घराचे बेत आखू नका.

हे रूलिंग आपोआप लागत नाही. कंपनी आणि कर्मचारी मिळून तिथल्या करखात्याकडे अर्ज करतात. रुजू झाल्यापासून चार महिन्यांत अर्ज गेला तर पहिल्या दिवसापासून लाभ मिळतो. उशीर झाला तर अर्जाच्या पुढच्या महिन्यापासून, मधले महिने बुडाले. अर्ज करायचाच अशी सक्ती कंपनीवर नाही, म्हणून ते ऑफरमध्ये लेखी हवे. जावयांसाठीही एक गोष्ट महत्त्वाची आहे: ते आधी आश्रित म्हणून जाऊन तिथे नोकरी शोधणार असतील तर "परदेशातून बोलावलेले" या व्याख्येत सहसा बसत नाहीत. त्यांना सवलत हवी असेल तर भारतात असतानाच करार झालेला बरा.

लग्नानंतर गणित उलटते, आणि तुमच्या पत्रातला हाच मुद्दा मला सर्वात मोठा वाटतो. जर्मनीत नवरा-बायकोचा कर एकत्र मोजता येतो. जावयांना नोकरी लागेपर्यंत मुलीला करवर्ग 3 मिळेल, आयकर वर्षाला सुमारे 5,100 युरोंनी उतरेल आणि हातात महिना 3,900 येतील. कमावत नसलेल्या जोडीदाराचा आरोग्य विमा तिच्याच विम्यात, फुकट. नेदरलँड्समध्ये असा एकत्र हिशेब नाही, शिवाय जावयांच्या विम्याचे 160 वेगळे. म्हणजे 4,040 चे 3,880 झाले. एका पगारावर घर चालवायचे तर दोन्ही गावे जवळपास सारखी. जावई कमवू लागले की जर्मनीचा हा फायदा बराचसा आटतो. काम करायची मुभा जोडीदाराला दोन्हीकडे आहे. पण आइंडहोवनच्या कंपन्यांत इंग्रजीवर भागते, म्युनिकमध्ये जर्मन नसेल तर निवड कमी होते. जावयांना किती महिन्यांत नोकरी लागेल, यावर तुमचा खरा फरक अवलंबून आहे.

किराणा, तूरडाळ, कणीक यांत फारसा फरक नाही, त्यात वेळ घालवू नका. फरक पडतो घरात. हिशेबाला म्युनिकमध्ये छोट्या फ्लॅटचे सर्व खर्चांसह 1,400 आणि आइंडहोवनमध्ये 1,250 धरा. जर्मन जाहिरातीतले "काल्ट" भाडे म्हणजे हीटिंग-पाणी सोडून, "वार्म" म्हणजे धरून. डिपॉझिट तीन काल्ट भाड्यांपर्यंत असते, ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्यात आहे. अनेक फ्लॅटमध्ये स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसतो, आधीचा भाडेकरू उचलून नेतो. नेदरलँड्समध्ये डिपॉझिट दोन भाड्यांपर्यंत. तिथे जाहिरातीत "काल" लिहिले असेल तर जमिनीवर फरशीही नसू शकते! दोन्हीकडे घरमालक पत्त्याची नोंदणी करू देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. नोंदणी नाही तर नेदरलँड्समध्ये नागरी क्रमांक अडतो, आणि जर्मनीत करक्रमांक वेळेवर न मिळाल्यास पहिले पगार जबर कापून येऊ शकतात. ते पैसे नंतर परत मिळतात, पण पहिल्या दोन महिन्यांतच हात आखडलेला असतो. म्युनिकसाठी किमान 5,000 आणि आइंडहोवनसाठी 4,000 युरो बरोबर हवेत.

जर्मनीच्या पारड्यात आणखी दोन गोष्टी टाका. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य-परवाना) बी-1 म्हणजे मध्यम पातळीचे जर्मन आले तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, नेदरलँड्समध्ये पाच वर्षे आणि भाषेसह तिथल्या समाजात मिसळण्याची (इनबर्गरिंग) परीक्षा. आणि पेन्शनला वर्षाला जाणारे 6,300 युरो बुडीत नाहीत. 60 महिन्यांच्या आत भारतात परतल्यास, 24 महिने थांबून कर्मचाऱ्याचा हिस्सा बिनव्याजी परत मागता येतो.

माझा कौल: परतायचा बेत तीन-चार वर्षांचा असेल तर आइंडहोवन. तिथेच स्थायिक व्हायचे असेल आणि दोघे भाषेला रोज तासभर देणार असतील तर म्युनिक.

होकार कळवण्याआधी मुलीने या आठवड्यात दोन ई-मेल पाठवावेत. आइंडहोवनला विचारायचे: 60,000 मध्ये आठ टक्के सुट्टीभत्ता धरला आहे का? (वेगळा असेल तर पगार 64,800 होतो. हा भत्ता बहुधा मे महिन्यात एकरकमी येतो, त्यामुळे दरमहा बँकेत वरच्या सरासरीपेक्षा कमी जमा होईल.) पेन्शनसाठी पगारातून किती कापता? मी वरच्या हिशेबात ती कपात धरलेली नाही. रूलिंगचा अर्ज कोण, कधी करणार? करार एक वर्षाचा की कायमचा? म्युनिकला विचारायचे: 68,000 पूर्ण निश्चित आहेत की त्यात बोनस आहे, आणि घर मिळेपर्यंत पहिले किती आठवडे राहण्याची सोय करता?