घरच्या मशीनवरची एस्प्रेसो कधी आंबट, तर कधी कडू होते. नेमके काय बदलावे?

आपण लिहिले आहे की लातूरला घरी मशीन घेऊन एक महिना झाला, चिकमगळूरची मध्यम भाजलेली कॉफी १८ ग्रॅम घेता, आणि एक कप आंबट निघाला तर दुसरा कडू निघतो. म्हणून दळण, तापमान आणि दाबण्याचा जोर हे सगळे बदलून पाहिले. माझ्या मते अडचण या 'सगळे' शब्दातच आहे. एका कपात तीन गोष्टी बदलल्या, तर चव कशामुळे सुधारली किंवा बिघडली हे ओळखण्याचा मार्गच उरत नाही. मी छत्रपती संभाजीनगरला चार वर्षांपासून घरी एस्प्रेसो काढतो, आणि पहिले सहा महिने मीही नेमके हेच केले.

तापमान मशीनने दिलेल्या मूळ आकड्यावर परत आणावे; मध्यम भाजलेल्या कॉफीला ९२-९३ अंश पुरतात. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्यावा. कोरडी कॉफी १८ ग्रॅमच ठेवावी आणि कपात ३६ ग्रॅम उतरले की पंप बंद करावा. कपातील कॉफी मोजावी ती वजनानेच, कारण वरचा फेस जागा व्यापतो, पण त्याला वजन फारसे नसते, आणि ताज्या कॉफीला तो अधिक येत असल्यामुळे डोळ्यांचा अंदाज हमखास चुकतो. पंप सुरू केल्यापासून ३६ ग्रॅम उतरायला २५ ते ३० सेकंद लागले, तर सुरुवात ठीक झाली असे समजावे. यापुढे एकच गोष्ट हलवायची, ती म्हणजे दळण.

पाणी कॉफीतून जाताना आंबट द्रव्ये लवकर विरघळतात, गोडवा त्यानंतर येतो आणि कडवट व तुरट भाग सर्वांत उशिरा सुटतो. दळण भरड असेल तर पाणी घाईने निघून जाते आणि कप आंबट, पातळ, किंचित खारट लागतो; दळण फार बारीक असेल तर पाणी रेंगाळते आणि कडूपणा उतरतो. हे वाचून पटत नसेल, तर एकच शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली कॉफी, तीन कपांत धरावा: पहिले दहा सेकंद एका कपात, पुढचे दहा दुसऱ्यात, उरलेले तिसऱ्यात, आणि तिन्ही क्रमाने चाखावेत. मला जे अनेक लेख वाचून कळले नव्हते, ते या प्रयोगाने पाच मिनिटांत कळले. इतक्या दाट कॉफीत आंबट आणि कडू यांची गल्लत बऱ्याच जणांची होते. आंबट चवीने चिंच चोखल्यासारखे तोंडाला पाणी सुटते. कडू चव घोट गिळल्यावरही कारल्यासारखी मागे राहते. आणि तुरटपणाने कच्चे जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ कोरडी पडते.

कप आंबट असेल तर ग्राइंडर एक खूण बारीक करावा, कडू असेल तर एक खूण भरड. खूण बदलल्यावर तीन-चार ग्रॅम कॉफी दळून टाकून द्यावी, कारण ग्राइंडरच्या पोटात जुने दळण अडकलेले असते आणि पुढचा शॉट त्याची भेसळ होऊन निघतो. ही नासाडी मलाही खटकते, पण ती वाचवायला गेले की निष्कर्ष चुकतो. आणि शॉट ३३ सेकंदांचा होऊनही गोड लागत असेल, तर घड्याळाकडे दुर्लक्ष करावे.

एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही लागत असतील, तर दळणाला दोष देऊ नये. अशा वेळी कॉफीच्या थरात कुठेतरी फट पडलेली असते. पाणी त्या वाटेने धावते, तिथली कॉफी पार पिळून निघते आणि शेजारची तशीच राहते. बास्केटमधल्या, म्हणजे दळण भरायच्या भोकांच्या वाटीतल्या, गुठळ्या बारीक सुईने मोडाव्यात, दळण सारखे पसरावे आणि टॅम्पर, म्हणजे दळण दाबायचा सपाट ठोकळा, अगदी समतल धरून एकदाच घट्ट दाबावे. दाबण्याचा जोर कमी-जास्त करून चव सुधारत नाही; थर तिरका बसला की मात्र ती नक्की बिघडते. आपल्या बास्केटच्या तळाला बाहेरून एकच बारीक भोक दिसत असेल, तर ते दुहेरी तळाचे बास्केट आहे. त्यात दाब त्या भोकामुळे तयार होत असल्याने दळणातला बदल चवीत धड उमटत नाही. त्याऐवजी साधे, अनेक भोकांचे बास्केट घ्यावे.

कॉफीच्या वयाचेही तसेच आहे. विरी गेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना तुटते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. भाजून दीड-दोन महिने झालेल्या कॉफीतला वायू निघून गेलेला असतो, आणि ती कितीही बारीक दळली तरी शॉट भरभर वाहतो. भाजल्यानंतर आठ-दहा दिवस थांबून पुढच्या महिनाभरात संपेल एवढीच कॉफी आणावी. आपल्याकडच्या मे महिन्यात तर किलोची पिशवी घेऊच नये, त्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातली कॉफी फार लवकर उतरते. चिकोरी मिसळलेली पूड या मशीनच्या वाटेला नेऊ नये.

मात्र काहीही न बदलता चव बदलत असेल, तर मला पाण्याचा संशय येतो. आपल्याकडे धरणाचे, बोअरचे, टँकरचे आणि जारचे पाणी एकाच महिन्यात एकाच घरात येते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या लातूरकरांना हे मी काय सांगावे! बोअरच्या जड पाण्यात आंबटपणा दबतो आणि कॉफी बोथट लागते, शिवाय बॉयलरमध्ये क्षारांचा थर बसतो. माझे पहिले मशीन असेच आठ महिन्यांत गुदमरले आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून मी मुकाट्याने गाळणीची चौकशी सुरू केली. पण निव्वळ आरओचे पाणीही उपाय नव्हे, कारण त्यात क्षार फारच कमी असतील तर कप पोकळ आणि टोचणारा आंबट होतो. मी दोन भाग आरओ आणि एक भाग नळाचे पाणी मिसळतो, तेव्हा टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, साधारण १५० येतात. आपले प्रमाण आपल्या पाण्यावर ठरेल. मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एकदा प्रमाण ठरले की त्याच पाण्याचा कॅन कॉफीपुरता वेगळा ठेवावा.

थंडीत सकाळचा पहिलाच कप आंबट येत असेल, तर पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट बसवायचा दांड्याचा भाग, गार असल्याचा तो परिणाम असतो. मशीन पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे आणि कॉफी न घालता एकदा गरम पाणी सोडून द्यावे.

घरातली बाकीची मंडळी दूध घालूनच पिणार असतील, तर त्यांच्यासाठी शॉट ३६ ऐवजी ३० ग्रॅमवर थांबवून पाहावा. दुधात थोडा आंबटपणा लपतो, पण पाणचटपणा लपत नाही.