तबला सोडून ड्रम्स? मिरजेच्या एका आईला उत्तर

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला, सहा वर्षं तबला शिकला, गांधर्वच्या परीक्षा दिल्या, दहावीनंतर तबला सोडला आणि आता ड्रम्स घेऊन द्या म्हणून मागे लागलाय. यूट्यूबवर ब्राझीलच्या ड्रम्स आणि तालवाद्यं वाजवणाऱ्या आयर्तो मोरेराला बघतो आणि तुम्हाला म्हणतो, तो अमेरिकेत गेला, जॅझमधला बडा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस ह्याच्याकडे वाजवलं आणि झाला मोठा. बाबांचं म्हणणं आधी इंजिनिअरिंग. आणि तुम्ही विचारताय, ह्यात खरंच करिअर असतं का?

असतं. पण त्याने आयर्तोची गोष्ट मधूनच वाचायला घेतलीये. हा माणूस १९४१ चा, दक्षिण ब्राझीलमधल्या छोट्या गावात जन्मलेला, तेराव्या वर्षापासून डान्स बँडमध्ये पैसे घेऊन वाजवायचा, मग साओ पाउलोचे क्लब, मग १९६६-६७ च्या सुमारास हर्मेतो पास्कोआल ह्या संगीतकाराबरोबर क्वार्तेतो नोव्हो हा ग्रुप, आणि एवढं सगळं झाल्यावर गायिका फ्लोरा पुरिम, म्हणजे पुढे त्याची बायको, तिच्या मागोमाग तो अमेरिकेत गेला. तिथे गेल्यावरही मोआसीर सांतोस ह्या ब्राझिलियन संगीतकाराकडे परत विद्यार्थी होऊन शिकायला बसला. माइल्सच्या बँडमध्ये आला १९७० मध्ये, म्हणजे कमवायला लागल्यापासून साधारण पंधरा वर्षांनी. मुलाला हा पंधरा वर्षांचा हिशोब आधी दाखवा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. न्यूयॉर्कमध्ये चांगले ड्रमर ढिगाने होते, आयर्तोला जागा मिळाली ती त्याने गावाकडून आणलेल्या वाद्यांमुळे. पांदेइरो म्हणजे आपल्या खंजिरीच्या जातीचं, कुईका म्हणजे आतली काडी ओल्या फडक्याने घासली की रडल्यासारखा आवाज देणारा ड्रम, आणि बेरिंबाऊ म्हणजे एका तारेचं धनुष्य, त्याला छोटा भोपळा बांधलेला (भोपळ्याचा नाद काय असतो हे तुम्हा मिरजकरांना मी काय सांगू). त्याने मुलाखतींत सांगितलंय की सुरुवातीला माइल्स त्याला म्हणाला, आपटू नको, वाजव. तेव्हापासून तो आधी ऐकायला लागला आणि जागा दिसेल तिथेच वाजवायला लागला. पुढे वेदर रिपोर्ट ह्या जॅझ बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर तो आहे, १९७२ मध्ये पियानोवादक चिक कोरियाच्या रिटर्न टू फॉरेव्हर ह्या बँडमध्ये तर चक्क ड्रमसेटवर बसलाय, आणि डाउनबीट ह्या जॅझ मासिकाच्या पोलमध्ये परकशन म्हणजे तालवाद्यांच्या विभागात वर्षानुवर्षं पहिला.

आता तुमच्या मुलाकडे आधीच काय आहे बघा. १९९१ च्या प्लॅनेट ड्रम अल्बममध्ये ह्याच आयर्तोच्या शेजारी आपले झाकिर हुसेन तबल्यावर आणि विक्कू विनायकराम घटमवर आहेत, त्याला ग्रॅमी मिळालं. ठुमरी गायिका शोभा गुर्टूंचा मुलगा त्रिलोक तबला आणि ड्रम्स एकत्र करून जगभर वाजवतो. तौफिक कुरेशींनी तबल्याचे बोल जेंबे ह्या आफ्रिकन ड्रमवर आणले. म्हणजे सहा वर्षांचा तबला ही त्याची पुंजी आहे ताई, ती सोडून तो इतर हजार मुलांसारखा एक ड्रमर होईल आणि मला त्याचंच वाईट वाटतंय.

बाबांचं एक बरोबर आहे, ह्या धंद्यात पगार नसतो. स्टुडिओचं काम, ऑर्केस्ट्रा, नाटकांचं लाइव्ह संगीत, शिकवण्या असं जुळवून घर चालतं, आणि फोन येतो तो लय पक्की असलेल्याला आणि वेळेवर पोचणाऱ्याला. म्हणून माझं मत, इंजिनिअरिंगची सक्ती नको पण ग्रॅज्युएशन हवं, शक्यतो पुण्या-मुंबईत, रोज तीन-चार तास रियाज होईल असा कोर्स. ड्रमसेट आत्ता घेऊ नका, प्रॅक्टिस पॅड आणि काठ्या पुरे, सेटसाठी जॅमरूम, म्हणजे सरावाची खोली, तासावर मिळते. नोटेशन वाचायला शिकू दे, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा द्यायला हरकत नाही. आणि तबल्याच्या सरांकडे परत पाठवा, ह्याच आठवड्यात.

महिनाभराने त्याला स्वतः मला लिहू दे. प्लॅनेट ड्रम हेडफोन लावून ऐकायचं आणि आयर्तो कुठे कुठे गप्प बसलाय ते लिहून पाठवायचं, मग आपण पुढचं बोलू.