टीव्हीवरचा कळफलक : अंदाज कुठे दाखवावा?

प्रश्न : मी नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकत असून आमच्या गटाने मराठी मालिका-नाटकांसाठी टीव्हीचे ॲप प्रकल्प म्हणून घेतले आहे. शोधताना रिमोटने निवडलेल्या प्रत्येक अक्षरानंतर पुढच्या संभाव्य अक्षरांच्या कळा कर्सरजवळ आणाव्यात, असा आमचा विचार आहे. तो योग्य आहे का? कळफलक देवनागरी असावा की रोमन?
— एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : कळांच्या जागा हलवू नयेत. चार शब्द लिहून झाले की अक्षर कोणत्या कोपऱ्यात आहे हे अंगठ्याला ठाऊक होते. जागा बदलत राहिल्या तर प्रत्येक अक्षरामागे सगळा पडदा नव्याने वाचावा लागतो आणि बटणे दाबण्यात वाचलेला वेळ शोधण्यात जातो. अंदाज जरूर बांधावा, परंतु तो स्थिर कळफलकाशेजारी वेगळ्या ओळीत दाखवावा.

ती ओळ कुठे असावी, हे मोजून ठरवावे. रोमन अक्षरे एका ओळीत सहा अशी मांडली आणि कर्सर ‘ए’वर असताना ‘पंचवटी’ हे नाव नऊ अक्षरांत (PANCHVATI) लिहिले, तर बाण ३५ वेळा आणि ओके ९ वेळा, असे एकूण ४४ वेळा बटण दाबावे लागते. चौथ्या अक्षराला, म्हणजे ‘सी’ला, अपेक्षित नाव अंदाजाच्या यादीत पहिले आले, तर तोवर २० वेळा दाबून झालेले असते, यादी उजवीकडे असल्यास एकूण २५ आणि वर असल्यास २२ होतात. अर्थात ‘सी’ पहिल्या ओळीत आहे म्हणून वरची यादी सरस दिसते. चौथ्या ओळीतल्या ‘टी’वरून वर जायला चार वेळा बाण दाबावा लागेल. तेव्हा एका शब्दावर न जाता आपल्या संग्रहातली सर्व शीर्षके संगणकाकडून अशीच मोजून घ्यावीत. अंदाजही याच शीर्षकांवरून आणि कलाकारांच्या नावांवरून बांधावा. वर्तमानपत्री मराठीवरून बांधलेला अंदाज जे संग्रहातच नाही ते सुचवत बसतो.

लिपी दोन्ही ठेवाव्यात आणि मागच्या वेळची निवड लक्षात ठेवावी. देवनागरीत ‘पंचवटी’ सहा खुणांत होते, पण स्वर, व्यंजने, मात्रा आणि हलन्त (पाय मोडण्याची खूण) मिळून कळा साठच्या घरात जातात. येथे लिपीचे नियमच निम्मे काम करतात : शब्दाच्या आरंभी मात्रा किंवा हलन्त येत नाही, ‘ळ’ आणि ‘ण’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, हलन्तानंतर मात्रा येत नाही. अशा कळा जागेवरच फिकट कराव्यात, आणि मात्रांची संपूर्ण ओळ निरुपयोगी असेल तेव्हाच कर्सरने ती ओलांडावी. रोमनमध्ये मात्र ‘नाशिक’ कोणी ‘एच’ घालून लिहील, कोणी न घालता. दोन्हींना एकच उत्तर मिळाले पाहिजे.

चाचणी लॅपटॉपवर माऊसने करू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती रिमोट देऊन, नेहमीच्या अंतरावर बसवून करावी.