शेजारच्या देशात फौज घुसवणं: ‘पण त्यांनीच बोलावलं होतं ना?’

नायजरमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, की इकोवासने (पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची संघटना) २०१७ला गांबियात सैन्य घातलं ते चाललं, मग २०२३ला नायजरमध्ये का नाही. एकदाच घेऊन टाकते.

प्रश्न : लष्कराने सत्ता बळकावली की शेजाऱ्यांना आपोआप सैन्य पाठवता येतं का?

नाही.

प्रश्न : क्लासच्या नोट्समध्ये आहे की आफ्रिकन युनियनच्या स्थापना करारातल्या कलम ४(एच)खाली बंड मोडायला फौज पाठवता येते. बरोबर?

चूक. ४(एच) युद्धगुन्हे, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी आहे. सरकार उलथवण्याचा मुद्दा आहे तो इकोवासच्या १९९९च्या प्रोटोकॉलच्या कलम २५मध्ये. एका क्लासने चूक छापली की बाकीचे तीच कॉपी मारतात आणि वर फी घेतात. मूळ करार नेटवर फुकट आहे हो, तो वाचा, अडलं तर कॉलेजात कायदा शिकवणाऱ्या सरांना गाठा.

प्रश्न : गांबियात तर यूएनचीच परवानगी होती ना?

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. नीट बघा. डिसेंबर २०१६ला गांबियाचे राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह निवडणूक हरले, आधी हार मान्य केली, आठवड्याभरात पलटले. १९ जानेवारी २०१७ला जिंकलेले अदामा बॅरो यांनी शपथ घेतली ती स्वतःच्या देशात नाही, सेनेगलच्या डकारमधल्या गांबियाच्या वकिलातीत. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेचा ठराव २३३७ आला, त्यात इकोवासला पाठिंबा आहे पण ‘आधी राजकीय मार्गाने’ असे शब्द आहेत, यूएन चार्टरमधल्या चॅप्टर सातचं (बळ वापरायची परवानगी ज्याखाली देतात) नावही नाही, आणि काही सदस्यांनी तर तिथेच सांगितलं की यात बळाची परवानगी नाही. तरी संध्याकाळी फौजा सीमेपार गेल्या. यूएन चार्टरचं कलम ५३ म्हणतं की प्रादेशिक संघटनेने परिषदेच्या मंजुरीशिवाय बळजबरीची कारवाई करायची नाही, म्हणजे उरतो आधार बॅरोंच्या संमतीचा. आणि माझी भीती तिथेच आहे. ज्याला शपथ घेऊन काही तास झालेत, देशातला एक पोलीसही ज्याचं ऐकत नाही, त्याची सही देशाची संमती कशी? लोक म्हणतात निवडून आला होता, जगाने मान्यता दिली होती. ठीक आहे, मुद्दा वजनदार आहे. पण हेच दार १९८३ला ग्रेनाडात (कॅरिबियनमधला छोटा बेटदेश) उघडलं होतं, तिथल्या गव्हर्नर जनरलची चिठ्ठी दाखवून अमेरिका आणि कॅरिबियन शेजारी आत शिरले, आणि यूएनच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी त्याचा धिक्कार केला. म्हणून कोणी ‘बोलावलं होतं’ म्हणालं की तीन गोष्टी विचारा : कोणी, कधी, आणि नेमकं कशासाठी. नायजरमध्ये हटवलेले राष्ट्राध्यक्ष बझूम कोंडलेले होते, वॉशिंग्टन पोस्टमधल्या लेखात त्यांनी मदत मागितली, पण पेपरातला लेख म्हणजे फौजेला आमंत्रण नव्हे. इकोवासने आठवड्याची मुदत दिली, ती ६ ऑगस्टला संपली, १० तारखेला राखीव दल सज्ज करायचा आदेश निघाला, सैन्य काही गेलं नाही. मधल्या मधे माली आणि बुर्किना फासोने सांगून टाकलं की नायजरवर हल्ला म्हणजे आमच्याशी युद्ध.

प्रश्न : मग १९८८ला मालदीवमध्ये आपण केलं ते?

तिथे पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाने, गयूम यांनी, स्वतः मदत मागितली आणि आग्र्याहून आपले पॅराट्रूपर त्याच रात्री हुलहुलेला (मालदीवचं विमानतळाचं बेट) उतरले. संमती स्पष्ट, वाद नाही.

प्रश्न : लायबेरियात १९९०ला इकोवासने फौज पाठवली ती?

आधी मंजुरी नव्हती, सुरक्षा परिषदेने नंतर कौतुक केलं. वरातीमागून घोडं, पण धावलं.

प्रश्न : मुलगा नियामीत (नायजरची राजधानी) कंपनीच्या कामावर आहे. एजंट म्हणतो ‘ऑल रिस्क’ पॉलिसी आहे, काळजी करू नका.

एजंटचं तोंडी बोलणं सोडा. युद्ध, बंड, लष्करी उठाव हे बहुतेक पॉलिसीत वगळलेले असतात, तेही मागच्या पानावर बारीक अक्षरात. पॉलिसी आणि कामाचा करार दोन्ही घेऊन वकिलाकडे जा, या आठवड्यात, पुढच्या नाही. आणि मुलाला भारतीय वकिलातीत नाव नोंदवायला सांगा. २०२३ला भारत सरकारने नायजर सोडायचा सल्ला ११ ऑगस्टला दिला तेव्हा हवाई हद्द बंद होती.