प्रो रेसलिंग आणि विज्ञानकथा एकत्र असलेली कॉमिक मालिका आहे का? असली खिचडी वाचताना हास्यास्पद नाही वाटत?

वाटते ना! पण पहिली पन्नासेक पानंच. नंतर आपणच मनातल्या मनात ‘अरे ऊठ, ऊठ’ करत पानं उलटायला लागतो.

या प्रकारातली माझी सगळ्यात लाडकी मालिका म्हणजे ‘किनिकुमान’ हा जपानी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक. त्यावर नाव असतं ‘युदेतामागो’, म्हणजे चक्क उकडलेलं अंडं. या नावामागे दोघं आहेत, ताकाशी शिमादा लिहितात आणि योशिनोरी नाकाई चित्रं काढतात. दोघं शाळासोबती. १९७९ ते १९८७ ही मालिका ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात चालली आणि २०११ मध्ये इंटरनेटवर पुन्हा सुरू झाली. किनिकु नावाच्या ग्रहाचा राजपुत्र तान्हा असताना डुक्कर समजून यानाबाहेर फेकला जातो आणि पृथ्वीवर वाढतो, अशी सुरुवात. आधी तर ही ‘अल्ट्रामान’ या जपानी टीव्हीवरच्या महानायकाची नुसती टिंगल होती. खरा रंग चढतो तो अतिमानवांच्या ऑलिम्पिकपासून, म्हणजे कुस्त्या सुरू झाल्यावर.

पैलवान तरी कसले? एकाचं अंग म्हणजे कॅसेट प्लेअर. एकाच्या चेहऱ्याच्या जागी नुसतं भोक, नाव ब्लॅक होल. एक अख्खाच्या अख्खा स्प्रिंग. यातले कित्येक वाचकांनी टपालानं पाठवलेल्या चित्रांतून आलेत, आणि ते दिसतंही. शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपण जे काढायचो, तेच इथे रिंगणात उतरतं.

हा प्रकार चालतो का, हे बघायचं असेल तर वॉर्समन आणि बफेलोमन यांचा सामना वाचा. वॉर्समन अर्धा माणूस, अर्धा यंत्र. त्याची ताकद दहा लाख. समोरच्या बफेलोमनची एक कोटी. मग वॉर्समन हिशोब मांडतो. नेहमी एका हातात टोकदार नखांचा पंजा चढवलेला असतो, आता दोन्ही हातांत घातले, म्हणजे दहा अधिक दहा, वीस लाख. नेहमीच्या दुप्पट उंच उडी घेतली की चाळीस लाख. वर तिप्पट गिरक्या घेतल्या की एक कोटी वीस लाख. झालं, बफेलोमनच्या पुढे गेलो! कुठल्याही विज्ञान शिक्षकाला भोवळ येईल असं हे गणित आहे. पण लेखक ते इतक्या गंभीरपणे मांडतात की त्या क्षणी आपणही बोटं मोजत असतो. आणि एवढं करूनही बफेलोमनचं फक्त एक शिंग मोडतं, वॉर्समन हरतोच.

मला वाटतं, दोन्ही प्रकारांचं जमतं ते इथेच. प्रो रेसलिंगमध्ये एकाला दोरांकडे ढकललं की तो तिथून उसळून नेमका समोरच्याच्या हातात परत येतो. का येतो, असं कुणी विचारत नाही. अवकाशयान प्रकाशापेक्षा वेगानं कसं जातं, हेही नाही विचारत. नुरा कुस्ती आहे, निकाल आधीच ठरलाय, हे ठाऊक असतं, तरी घसा बसेपर्यंत ओरडायचं असतं. लेखकानं स्वतःच घातलेला नियम स्वतः मोडला, तर मात्र चीड येते. ‘किनिकुमान’ही त्यातून सुटलेला नाही. मेलेले पैलवान तिथे इतक्या सहज परत येतात की पुढे पुढे कुणी मेला तरी डोळ्यांत पाणी येत नाही.

मरणाला वजन हवं असेल तर डॅनियल वॉरन जॉन्सनचं ‘डू अ पॉवरबॉम्ब’ घ्या. २०२२ चं, सातच अंकांचं. लोनाची आई रिंगणातच गेलेली असते. एक मांत्रिक तिला सांगतो की विश्वभरातल्या जोड्यांची स्पर्धा जिंक, एका मेलेल्या माणसाला परत आणून देतो. विज्ञानापेक्षा जादूच जास्त आहे, हे मान्य. पण यातली हाणामारी कागदावरून अंगावर येते. शेवट मी सांगणार नाही.

कल्पनाच जबरदस्त हवी असेल तर ‘इन्व्हेजन फ्रॉम प्लॅनेट रेसलटोपिया’. एक डावललेला पैलवान माइक हातात घेऊन स्वतःला अख्ख्या विश्वाचा विजेता घोषित करतो. नेहमीची फुशारकी. पण ती एका अशा ग्रहावर पोचते, जिथे कुस्ती हेच सर्वस्व आहे, आणि तिथले लोक ते शब्दशः खरं मानतात.

जाता जाता, ‘लव्ह अँड रॉकेट्स’ या अमेरिकी कॉमिक मालिकेतल्या हाइमे हर्नांडेझच्या सुरुवातीच्या कथांतही रॉकेट, डायनोसोर आणि महिला पैलवान एकत्र नांदतात. पुढे रॉकेट मागे पडले, पैलवान बायका मात्र राहिल्या. त्यांच्याच कथा मला अधिक आवडतात.

तुम्ही नवखे असाल तर ‘पॉवरबॉम्ब’पासून सुरुवात करा, एका बैठकीत संपतं. मग ‘किनिकुमान’. त्याच्या पुढच्या पिढीची गोष्ट ‘अल्टिमेट मसल’ या नावानं इंग्रजीत निघाली होती, पण जमलं तर मूळच आधी वाचा. त्यातले अगदी सुरुवातीचे विनोदी भाग गाळलेत तरी चालेल. मी गाळले होते, मग चटक लागल्यावर मागे जाऊन वाचले.