क्लचचं ऑइल जातं कुठे?

पावसाळा लागल्यापासून हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबाने चालणाऱ्या क्लचबद्दल तेच ते विचारलं जातंय: गिअर पडत नाही, गॅरेजवाला प्लेट बदला म्हणतो, बदलू का? म्हणून या वेळी फक्त क्लच.

प्रश्न : पंधरा वर्षांची डिझेल जीप आहे. सकाळी रिव्हर्स टाकताना दात घासल्याचा आवाज येतो. पेडल दोन-तीनदा मारलं की गिअर सरळ पडतो. गॅरेजमध्ये अख्खा क्लच सेट सांगितलाय. (बार्शी)

उत्तर : सेट घेऊ नका, आधी तपासणी. प्लेट झिजली की क्लच स्लिप होतो. चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. तुमचा क्लच तर पुरता सुटतच नाहीये, आणि पेडल मारल्यावर सुटतो. म्हणजे संशय ऑइलच्या बाजूवर. पेडलमागची मॅट उचलून पाहा. तिथे ओल असेल तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) गळतोय. गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरच्या (त्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या) रबरी बुटात ओल असेल तर स्लेव्ह. दोन्ही कोरडे असले तरी मास्टरचं आतलं सील गेलेलं असू शकतं किंवा लाइनमध्ये एअर असू शकते. मग फिटरला सांगा, पेडल दाबून स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते मोजा आणि मॅन्युअलशी ताडून पाहा. दांडा पुरेसा सरकूनही गिअर घासत असेल तरच गिअरबॉक्स उतरवायचा. हे न मोजता थेट सेटचं बिल मांडणाऱ्याकडे गाडी सोडू नका. दुसऱ्या गॅरेजात दाखवा.

प्रश्न : मारुती 800 च्या क्लचची एअर कशी काढायची? (नांदेड)

उत्तर : तिचा क्लच केबलचा आहे, एअर नसतेच, केबल तपासून घ्या.

प्रश्न : क्लचचं ऑइल दर महिन्याला उतरतं. मेकॅनिक म्हणतो, प्लेट झिजली की ऑइल कमी होणारच, भरत राहा. गेल्या आठवड्यात ब्रेक ऑइल नव्हतं म्हणून त्याने पॉवर स्टिअरिंगचं टाकलं. ब्रेक आणि क्लचची टाकी एकच आहे. (डोंबिवली)

उत्तर : गाडी आजपासून जागची हलवू नका. गॅरेजलाही टो करूनच न्या.

क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं. ते ग्लायकॉल या रसायनाचं असतं आणि या सिस्टिमची रबरं त्याच्यासाठीच बनवलेली असतात. पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल लागलं की ती फुगतात. तुमची टाकी एकच, म्हणजे ते ब्रेकमध्येही गेलं असं धरून चाला. नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. लाइन धुऊन घ्याव्या लागतील, सिलिंडरची सीलं आणि रबरी होज नवे टाकावे लागतील. ‘थोडंसंच टाकलं होतं’ हे ऐकून घेऊ नका.

आता ‘प्लेट झिजली की ऑइल उतरतं’ याबद्दल. ते ब्रेक पॅडच्या बाबतीत खरं आहे. क्लचमध्ये प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि ऑइल टाकीत परत येतं. त्यामुळे पातळी उतरली तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. पॅड दर महिन्याला दिसण्याइतके झिजत नाहीत, म्हणजे तुमच्याकडे गळतीच आहे. एकत्र टाकीत क्लचची नळी सहसा वरच्या बाजूला असते. क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली राहावं म्हणून ही सोय. पण गळती ब्रेकची असेल तरी आधी हवा ओढतो तो क्लचच. अशा गाडीचा क्लच अचानक बसला तर चारही चाकं आतून तपासल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये.

शिवाय हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, 3.7 टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे तो 155 पर्यंत उतरलेला चालतो. तापण्याचा धोका ब्रेकला जास्त. क्लचमध्ये तेच पाणी सिलिंडरला आतून गंज चढवतं आणि गंजाचे खड्डे सील कापतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तरी दोन वर्षांनी ऑइल बदलाच. डबा सीलबंद घ्या आणि डॉट क्रमांक टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये पाहूनच घ्या. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

प्रश्न : रबर किट टाकू की अख्खा सिलिंडर? (सातारा)

उत्तर : सिलिंडर आतून गुळगुळीत असेल तर किट, नखाला खड्डा लागला तर अख्खा. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत बेअरिंगभोवती असेल, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा प्लेटही पाहून घ्या, मजुरी एकदाच पडेल.

प्रश्न : क्लच अर्धवट सुटतो, पण गाडी चालते. गणपतीला गावी जाऊन आल्यावर काम केलं तर? (ठाणे)

उत्तर : नाही. गोवा हायवेच्या कोंडीत क्लच सतत दाबावा लागतो. तो बसला तर घाटाच्या वळणावर घरच्यांना घेऊन उभे राहाल. शिवाय रोज घासणारा गिअर सिंक्रोनायझर रिंग (गिअर अलगद पडावा म्हणून वेग जुळवणारी) खातो आणि सीलचं काम गिअरबॉक्सवर जातं. जुन्या गाडीचे सुटे भाग मागवायला वेळ लागतो, म्हणून याच आठवड्यात दाखवा. वेळेत झालं नाही तर एसटीने जा.